काटा येईपर्यंत

आमच्या वाईच्या घरात, मधल्या खोलीतल्या फडताळाच्या सगळ्यात वरच्या खणात एक पितळी डबा आहे. झाकणावर आईचं माहेरचं नाव कोरलेलं, घासून घासून आता अर्धं पुसलेलं. वर्षातले दहा महिने तो रिकामाच असायचा. मार्गशीर्षात थंडी धरली की आई स्टुलावर चढून तो खाली काढायची, चिंच लावून घासायची आणि मागच्या अंगणात उन्हात पालथा घालायची. डबा उन्हात दिसला की आम्हाला कळायचं, आता आई पहाटे उठणार.

ती पहाटे हलवा करायची. संक्रांतीचा पांढरा, काटेरी हलवा. हल्ली तो दुकानात पिशव्यांमधून मिळतो, यंत्रावर फिरवलेला, सगळे दाणे एकसारखे. हातानं केलेल्या हलव्यात शेजारशेजारचे दोन दाणेही सारखे निघत नाहीत.

तीळ कोरडे भाजून गार करायचे. साखरेच्या पाकात थोडं दूध घातलं की मळी वर येते, ती काढून टाकायची, मग पाक स्वच्छ राहतो. शेगडीतले कोळसे फुलले की त्यांच्यावर राख पसरायची, नुसती धग उरेल इतकी. त्यावर परात, परातीत तीळ. मग लहान चमच्यानं थोडासा पाक सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी तीळ फिरवत राहायचं. पाक सुकला, दाणे बोटांना सुटे लागले, की पुढचा चमचा. असं दोन-दोन तास. मग खाली जमलेली साखरेची पूड चाळून टाकायची, दाणे डब्यात भरायचे, आणि उद्या पुन्हा तेच. धग वाढली तर साखर पिवळी पडते. पाक जास्त झाला तर दाणे चिकटून गोळा होतो. हवा दमट असली तर सगळी मेहनत बसून जाते. पहिले तीन-चार दिवस तीळ नुसता पांढरा होतो, थोडा जाड होतो, बाकी काहीच घडत नाही. पुढं कधीतरी एखाद्या सकाळी दाण्याच्या अंगावर बारीक टोकं उभी राहिलेली दिसतात.

“काटा आपण आणत नाही, थंडी आणते,” आई म्हणायची. “आपण नुसतं बसायचं.”

आमच्या घरात तेव्हा नऊ माणसं होती. दिवसभर आईला कुणाची ना कुणाची हाक असायची. आजीचं औषध, काकांचा डबा, माझी वेणी, दारात आलेला दूधवाला. फक्त हलव्याच्या त्या दोन तासांत तिला कुणी हाक मारायचं नाही, असा एक न बोललेला नियम होता, कारण पाक सोडलेला असताना मधेच उठता येत नाही. मी सात-आठ वर्षांची असेन. एका पहाटे जाग आली म्हणून गोधडी गुंडाळून मागच्या पडवीच्या दारात जाऊन उभी राहिले. बाहेर मिट्ट काळोख होता. पसरणीच्या घाटाकडून उतरलेली थंडी आणि कृष्णेवरचं धुकं यांनी अंगण भरून गेलं होतं. शेगडीच्या तांबूस उजेडात आई पाटावर बसली होती, हात परातीत गोल फिरत होता, आणि तिचा चेहरा असा होता की मी तो पूर्वी कधी पाहिला नव्हता. ती दुःखात नव्हती, आनंदातही नव्हती. त्या वेळी ती कुणाचीच नव्हती. मी हाक न मारता परत जाऊन झोपले. ते बरं केलं, असं मला आजही वाटतं.

माझे वडील, अण्णा, भूगोलाचे शिक्षक. संक्रांत जवळ आली की जेवताना ते हमखास सांगायचे की उत्तरायण केव्हाच सुरू झालंय. सूर्य २२ डिसेंबरच्या सुमाराला वळतो, आपण सण करतो १४ जानेवारीला. आपल्या राशी ताऱ्यांवरून धरलेल्या, आणि पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो, त्यामुळं साधारण सत्तर वर्षांत एका दिवसाचा फरक पडत जातो. विवेकानंद जन्मले त्या दिवशी संक्रांत होती आणि तारीख होती १२ जानेवारी १८६३, हे त्यांचं आवडतं उदाहरण.

एका वर्षी आईनं ताटात भाकरी वाढता वाढता विचारलं, “दिवस मोठा व्हायला लागला म्हणता, मग पहाट अजून उशिरा का होते? मी शेगडीपाशी बसते, मला कळतं. डिसेंबरात उजाडतं त्यापेक्षा संक्रांतीला उशिरा उजाडतं.”

“तसं नसतं,” अण्णा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पंचांग उघडलं. आईचं बरोबर होतं. दिवस वाढतो तो संध्याकाळच्या अंगानं. आपल्याकडं सूर्योदय मात्र जानेवारीच्या मध्यापर्यंत रोज थोडाथोडा पुढं सरकतच राहतो. पृथ्वी त्या दिवसांत सूर्याच्या सगळ्यात जवळ असते आणि सगळ्यात वेगानं धावत असते. त्यात तिचा आस कललेला. या दोन्हींमुळं खरी मध्यान्ह घड्याळात रोज साधारण अर्ध्या मिनिटानं पुढं जाते, आणि सूर्योदयालाही आपल्याबरोबर ओढते. अण्णा त्या वर्षापासून हे वर्गात शिकवायला लागले. “हे मला घरी कळलं,” असं सांगून शिकवायचे.

१९९८ च्या मे महिन्यात मला मुलगी झाली. पुढच्या संक्रांतीला तिचं बोरन्हाण व्हायचं होतं. आईनं त्या वर्षी डबा नेहमीपेक्षा लवकर खाली काढला. ठाण्याला मला फोन करून म्हणाली, “तिळाचा घातलाय, खसखशीचाही घालणार आहे. मुकुटाला बारीक हलवा लागतो. तू काळं झबलं तेवढं शिवून ठेव.”

२३ डिसेंबरला पहाटे ती शेगडी पेटवायला उठली नाही. झोपेतच गेली होती.

त्या तेरा दिवसांबद्दल मला फारसं सांगता येणार नाही. घर माणसांनी भरलं होतं, मी लेकीला पाजत एका कोपऱ्यात बसून असायची. एक प्रसंग तेवढा लख्ख आठवतो. समाचाराला आलेले एक गृहस्थ म्हणाले, “ऐन सणाच्या तोंडावर घरावर संक्रांत आली हो.” अण्णा तीन दिवसांत कुणाशी धड बोलले नव्हते. ते मान वर करून अगदी हळू म्हणाले, “संक्रांत म्हणजे एका राशीतून दुसऱ्या राशीत जाणं. तेवढाच अर्थ आहे त्याचा.” आणि पुन्हा गप्प झाले.

तेरावा झाला, गोडाचं जेवण झालं, माणसं पांगली. आजी आधीच गेली होती, काका आपापल्या नोकऱ्यांच्या गावी राहत होते. माझी रजा संपली. अण्णांना म्हटलं, तुम्ही ठाण्याला चला. ते म्हणाले, “इतक्यात घराला कुलूप नको.” एवढ्या मोठ्या घरात त्यांना एकटं सोडून मी एसटीत बसले. स्वारगेटपर्यंत लेक मांडीवर झोपली होती आणि मी खिडकीतून उसाचे फड बघत होते, काहीही न दिसता.

पुढचं मला समजलं ते शेजारच्या काकूंकडून आणि अण्णांच्या रोजनिशीतून. रोजनिशी म्हणजे तरी काय, सूर्योदय, सूर्यास्त, धुकं, पाऊस. मनातलं काही लिहायची त्यांना सवय नव्हती.

काकू आल्या त्या डब्याची आठवण करून द्यायला. “वहिनींनी हलवा घातला होता. बघा तरी, मुंग्या लागतील.” अण्णांनी डबा उतरवला. आत पांढरे, गुळगुळीत दाणे होते. अण्णांना वाटलं, हे झालंय. काकूंनी मूठभर दाणे हातात घेऊन पाहिले. “अर्धं झालंय,” म्हणाल्या. “काटा यायचा आहे.”

आमच्याकडं माणूस गेलं की वर्षभर सण नसतो. घरात गोडधोड नाही, कढई चढवायची नाही. म्हणून अण्णा हलव्याला बसताहेत हे कळल्यावर नातेवाइकांत कुजबुज झाली. एका काकांनी फोन करून सांगितलं, दादा, हे बरं दिसत नाही. अण्णा म्हणाले, “मी सण करत नाही. तिचं राहिलेलं काम पुरं करतोय.”

६ जानेवारीची नोंद अशी आहे: ‘सूर्योदय ७.०८. धुकं. पाक जास्त पडला. गोळा.’ त्या दिवशी ते दुपारभर अंगणात उन्हाला बसून चाकूच्या टोकानं एकेक दाणा सोडवत होते. काकूंना बघवेना. त्यांनी आपल्या घरातला सगळ्यात लहान चमचा आणून दिला, राख किती पसरायची ते दाखवलं, हात कसा हलका ठेवायचा ते सांगितलं. मात्र पहाटे त्या आल्या नाहीत. “ती वेळ वहिनींची होती,” त्या मला नंतर म्हणाल्या. “तिथं तिसरं माणूस कशाला?”

अडतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेला मास्तर पहाटे साडेचारला उठून शेगडी पेटवत होता. आयुष्यभर त्यांच्या बोटांना खडूची पूड असायची, आता साखरेची होती. चटके बसून टोकं लाल झाली होती. १० जानेवारीला लिहिलंय: ‘सूर्योदय ७.०९. काही दाण्यांना एका बाजूनं टोक दिसतं.’ १२ जानेवारीला सूर्योदयाची वेळ नाही, धुकं नाही. एकच शब्द आहे: ‘काटा.’

पुष्कळ वर्षांनी मी त्यांना विचारलं, तिथं बसून तुम्ही काय विचार करायचात? ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “मला वाटायचं, ती आपल्या सगळ्यांसाठी हलवा करायला पहाटे बसते. तसं नव्हतं. ती बसायची, आणि हलवा व्हायचा. चाळीस वर्षं मी आतल्या खोलीत झोपलो होतो, मला हे माहीत नव्हतं.” त्यांच्या आवाजात अपराधीपणा होता, पण नवलही होतं. गेल्यावर त्यांना बायको थोडी जास्त भेटली, असं मी म्हणेन.

भोगीच्या दिवशी आळीतल्या बऱ्याच घरांतून डबे आले. सण नसलेल्या घरी शेजाऱ्यांनी सणाचं जेवण पोचवायचं, ही आपली फार चांगली रीत आहे. दिवाळी असली तर फराळ, भोगी असली तर वांगी, गाजर, पावटा, हरभऱ्याचे दाणे, बोरं अशी सगळी मिसळण असलेली भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोणी. अण्णांकडं सहा डबे जमले. माणसं दारात उभी राहून डबा द्यायची, “सावकाश जेवा” म्हणायची आणि मागं वळायची. सगळ्यांचा हेतू चांगला होता. दुःखातल्या माणसाला एकटं राहू द्यावं, असं त्यांना वाटत होतं.

काकू मात्र आत आल्या. त्यांनी ताट घेतलं, वाढलं, आणि भिंतीला टेकून समोर बसून राहिल्या. एक शब्द बोलल्या नाहीत. अण्णांचं जेवण झालं, तेव्हा रिकामं ताट उचलून घासायला घेऊन गेल्या. “पहाटे मला कुणी नको होतं,” अण्णा सांगायचे. “पण जेवताना समोर कुणीतरी हवं होतं. या दोन वेगळ्या वेळा असतात, हे काकूंना कसं कळलं कोण जाणे.”

काकूंना कळणारच होतं. त्या ऐन तिशीत विधवा झालेल्या. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आळीत घरोघर हळदीकुंकू व्हायचं, वाण लुटलं जायचं, आणि काकू त्या सगळ्या संध्याकाळी आपल्या ओट्यावर वाती वळत बसायच्या. त्यांना कुणी बोलवायचं नाही. आमच्याही घरी बोलावलं जात नव्हतं, हे मला लिहायलाच हवं. आईलाही ते कधी मोडता आलं नाही. ज्या सणात आपण गोड बोला म्हणून एकमेकांच्या हातावर तीळ ठेवतो, त्या सणात एका बाईला नवरा नाही म्हणून दाराबाहेर ठेवणं ही क्रूर गोष्ट आहे, आणि ती आम्ही वर्षानुवर्षं केली. अण्णांनी पुढच्या वर्षापासून एक केलं. हलवा झाला की पहिली पुडी काकूंना. मग आळीतल्या प्रत्येक बाईला, सवाष्ण असो की नसो, सारख्या मापाची. त्यावर ते कधी भाषण देत नसत. पुड्या बांधायचे आणि स्वतः देऊन यायचे.

त्या संक्रांतीनंतरच्या शनिवारी ते ठाण्याला आले, एसटीनं, डबा मांडीवर घेऊन. ठेवायला वर जागा होती, पण म्हणाले, हादऱ्यानं काटे मोडतील. रविवारी आम्ही लेकीचं बोरन्हाण केलं, गाजावाजा न करता, चाळीतली आठ-दहा मुलं बोलावून. मुकुट, हार, बाजूबंद असं काही झालं नव्हतं. खसखशीचा हलवा सुरूच झाला नव्हता. पाटावर काळं झबलं घातलेली लेक आणि तिच्या डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे आणि तो हलवा. ओतण्याआधी मी ओंजळीत घेऊन पाहिला. काही दाण्यांना सुरेख काटा होता, काही एका बाजूनं बोडके, काही जरा पिवळसर. आतले थर आईचे होते, वरचे अण्णांचे. कुठं एक संपून दुसरा सुरू झाला ते काही दिसत नव्हतं.

मुलांनी झुंबड करून सगळं वेचलं. लेकीनं एक दाणा मुठीत धरला तो सोडेना. संध्याकाळी ती झोपल्यावर मी हळूच मूठ उघडली. साखर विरघळून गेली होती. तळहाताला एक तीळ चिकटलेला होता.

अण्णांनी त्यानंतर पंचवीस वर्षं हलवा केला. शेवटची काही वर्षं शेगडी जाऊन गॅस आला, परातीखाली तवा आला, पाटाऐवजी खुर्ची आली, पण पहाट तीच राहिली. काकू २०१९ मध्ये गेल्या. त्या वर्षीही अण्णांनी पहिली पुडी बांधली आणि त्यांच्या सुनेच्या हातात दिली. लेक शिकायला हाम्बुर्गला गेली, तिथंच नोकरीला लागली, तेव्हा पुडी तिकडंही जायला लागली. तिकडं जानेवारीत साडेआठला उजाडतं आणि साडेचारच्या सुमाराला मावळतं. सकाळी काळोखात ऑफिसला निघताना एक दाणा तोंडात टाकते, असं ती अण्णांना फोनवर सांगायची, आणि अण्णा तिला तिकडच्या सूर्योदयाच्या वेळा विचारून लिहून घ्यायचे.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये अण्णा गेले. वय झालं होतं, आजार लांबला नाही. लोक म्हणाले, सोन्यासारखं मरण आलं. असेलही. मला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की आता या जगात मला ‘बाळ’ म्हणणारं कुणी नाही.

यंदा आमच्याकडं सण नाही. तरी जानेवारीत मी दहा दिवसांची रजा टाकून एकटी वाईला आले. नवरा येतो म्हणाला होता. मीच नको म्हटलं, आणि त्याला ते समजलं. डबा उतरवला, चिंच लावून घासला, उन्हात पालथा घातला. माळ्यावरून जुनी शेगडी काढली. पहिल्या दिवशी माझाही गोळाच झाला. दुपारी अंगणात बसून एकेक दाणा सोडवताना मला अण्णांचा वाकलेला पाठीचा कणा दिसत राहिला. दुसऱ्या दिवसापासून हात जरा हलका झाला. पहाटे मोबाइल आत ठेवते. अंधार असतो. घाटाकडून एखादी घंटा ऐकू येते, कुठं भूपाळी लावलेली असते, मग तेही थांबतं. परातीत तिळाचा बारीक आवाज होतो, कोरड्या पानावर रिमझिम पडावी तसा. मी आईचा विचार करते का, अण्णांचा करते का, मला नक्की सांगता येणार नाही. हात फिरत असतो. केव्हातरी समोरच्या भिंतीचे दगड दिसायला लागतात.

आज भोगी. हवा तीन दिवस ढगाळ आहे आणि काटा अजून आलेला नाही.

दुपारी काकूंची सून डबा घेऊन आली. तीच भाजी, तीच तीळ लावलेली भाकरी. उंबऱ्याबाहेरूनच तिनं डबा पुढं केला, “ताई, सावकाश जेवा,” म्हणाली आणि वळली. मी म्हटलं, “बस ना जरा.” ती थबकली. मग चपला काढून आत आली, सासूबाई बसायच्या त्याच भिंतीला टेकून बसली. मी जेवले. ती शेतातल्या हळदीबद्दल काही सांगत होती, या वर्षी काढणी कधी, शिजवायला माणसं कुठून आणायची. मी अर्धं ऐकलं, अर्धं नाही. भाकरी मात्र पुरती खाल्ली, कितीतरी दिवसांनी.

तुमच्याही आळीत, इमारतीत, नात्यात यंदा सण नसलेलं एखादं घर असेल. डबा घेऊन जा. दारातून परत फिरू नका. चपला काढून आत जा आणि त्यांचं जेवण होईपर्यंत समोर बसा.